'द डेक इज स्टॅक्ड' कुठे आणि कसं वापरायचं

"सगळं आधीच ठरलेलं होतं, आपल्याला चान्सच नव्हता" हे इंग्लिशमध्ये सांगायचं असेल तर 'द डेक वॉज स्टॅक्ड अगेन्स्ट अस' एकदम फिट बसतं. डेक म्हणजे पत्त्यांचा कॅट, पिसताना कुणी हातचलाखीने पत्ते हवे तसे लावून ठेवले की पानं वाटायच्या आधीच डाव फिक्स, तिथूनच हे आलंय. ब्रिटिश लोक बऱ्याचदा 'द कार्ड्स आर स्टॅक्ड' म्हणतात, दोन्ही चालतं.

समजा जागा एकच आहे, इंटरव्ह्यूला ढीगभर लोक बोलावलेत आणि जाहिरातीतल्या अटी बघाव्या तर साहेबांच्या भाच्याच्या मापाने शिवलेल्या, तिथे हे बिनधास्त वापरा. फक्त 'स्टॅक्ड ऑन मी' नको, 'अगेन्स्ट'च हवं, आणि भाच्याबद्दल बोलताना 'इन हिज फेवर'. उच्चारही नीट करा, 'स्टक' म्हटलंत तर अडकलेला असा अर्थ होतो.

लबाडी कुणाचीच नाही, नुसती परिस्थिती वाईट आहे, म्हणजे मॅचच्या आदल्या दिवशी दोन्ही मेन बॉलर जखमी, तर 'द ऑड्स आर स्टॅक्ड अगेन्स्ट अस' म्हणा, ते जास्त बरोबर वाटतं.

'रिग्ड' (म्हणजे मुद्दाम फिक्स केलेलं) हा शब्द मात्र ऑफिसच्या मेलमध्ये खरंच जपून लिहा, तो सरळसरळ फसवणुकीचा आरोप आहे आणि समोरचा पुरावा मागणारच. तिथे 'इट्स नॉट अ लेव्हल प्लेइंग फील्ड', म्हणजे सगळ्यांना सारखी संधी नाही, असं लिहिलंत की तक्रारही पोचते आणि भांडणही होत नाही.