शेल्टरमधून कुत्रा आणताय? पहिल्या दिवसांतल्या या चुका टाळा

आमची चिमी शेल्टरमधून घरी आली आणि थेट सोफ्याखाली शिरली. मी बिस्किट दाखवलं, हाका मारल्या, शेवटी हात घालून ओढायला गेले तशी ती गुरगुरली. कुत्री रागीट निघाली, असं वाटून मी हिरमुसले. रात्री सगळे झोपल्यावर लपलप आवाज आला. चिमी अंधारात पाणी पीत होती. दिवसभर तहानलेली होती बिचारी, पण आमच्यासमोर बाहेर यायची हिंमत नव्हती.

घाई ही सगळ्यात मोठी चूक. शेल्टरवाले ३-३-३ चा ठोकताळा सांगतात: ३ दिवस बावरलेपणाचे, ३ आठवडे घराची घडी समजायला, ३ महिने घर आपलं वाटायला. 'माणसाळत नाही' म्हणून आठवड्यात परत नेऊन सोडलेल्या कुत्र्याला ही संधीच मिळालेली नसते. पहिल्या दिवशी आंघोळ नको, पाहुणे नकोत. एका कोपऱ्यात जुनी गोधडी आणि पाणी ठेवा. तो खाताना, झोपलेला असताना मुलांना लांब ठेवा. आणि गुरगुरला म्हणून फटका कधीच मारू नका. गुरगुरणं म्हणजे 'लांब राहा' असं सांगणं. ते मारून बंद केलं, तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल.

कुत्रा हातातून निसटतो तोही याच दिवसांत. बुलेटचा फाटफाट आवाज झाला की घाबरलेला कुत्रा मागे रेटा देतो आणि सैल पट्ट्यातून डोकं काढून पळत सुटतो. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकीच जागा ठेवा, सोबत हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) घाला, पट्ट्यावर फोन नंबर लिहा. दिवाळीच्या तोंडावर तर नवा कुत्रा आणूच नका.

शेल्टरमध्ये काय खात होता ते विचारा आणि आठवडाभरात हळूहळू बदल करा. मायेनं वाटीभर दूध दिलं की बऱ्याच कुत्र्यांना जुलाब होतात. कांदा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट अजिबात नको. पण पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले, तर 'अन्न बदललं म्हणून असेल' म्हणत थांबू नका. तो पार्व्हो, म्हणजे पिल्लांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मोठा कुत्रा मलूल, तापलेला, हिरड्या फिक्या दिसल्या तर गोचीड तापासाठी रक्त तपासून घ्या.

लसीकरणाचं कार्ड हातात घेतल्याशिवाय शेल्टरमधून निघू नका. मुंबई-पुण्यात महापालिकेचा परवाना काढावा लागतो, त्यालाही ते लागतं. भाड्याचं घर असेल तर मालकाशी आधीच बोला. सोसायटीनं मात्र 'कुत्रा चालणार नाही' असा ठराव दाखवला तर गडबडून जाऊ नका. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमतानंसुद्धा पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. त्या सूचनांची प्रत सेक्रेटरींना नेऊन द्या, आणि खाली फिरायला जाताना घाण उचलायला कागद न चुकता न्या.