एअर नेल गनमधून सतत हवा गळत होती, ती अशी थांबवली

हवेच्या दाबावर खिळे ठोकणाऱ्या या गनचा ट्रिगर न दाबताही वरच्या एक्झॉस्टमधून (वापरलेली हवा बाहेर पडायचं तोंड) सूंऽऽ असा आवाज, आणि खिळा लाकडाबाहेर दोन-तीन मिमी राहतोय. अशा वेळी कॉम्प्रेसरचं प्रेशर वाढवत बसू नका. दोष बहुतेक वेळा हेड व्हॉल्व्हच्या (वरच्या कॅपखालची हवेची झडप) ओ-रिंगमध्ये, म्हणजे हवा अडवणाऱ्या गोल रबरी रिंगमध्ये असतो. ट्रिगरपाशी गळत असेल तर ट्रिगर व्हॉल्व्हच्या रिंगा बघा. नाकाकडून, म्हणजे खिळा बाहेर पडतो तिथून गळत असेल तर बंपर (आतल्या पिस्टनचा धक्का झेलणारा रबरी तुकडा).

आधी एअर होज काढा, मगच मॅगझिनमधले खिळे. हा क्रम चुकवू नका. वरच्या कॅपचे ॲलन बोल्ट थोडे थोडे, समोरासमोरचे ढिले करा. आत स्प्रिंग असते, उडते. खोलताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढलेला बरा.

माझ्या गनमधली रिंग बोटांनी वाकवताच तिच्यावर बारीक भेगा दिसल्या, एका बाजूला ती चपटीही झाली होती. नवी घेताना आतला व्यास आणि जाडी दोन्ही व्हर्नियरने मोजा. नुसतं ‘साधारण तेवढीच’ चालत नाही. खाच कापडाने पुसली, रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला आणि पीळ न पडू देता बसवली. गंज सोडवायचा स्प्रे इथे मारू नका, रबर फुगू शकतं.

जोडल्यावर एअर इनलेटमध्ये एअर टूल ऑइलचे 2-3 थेंब. 70 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) वर गळती तपासली, मग 90 वर टाकाऊ लाकडात खिळे मारले. डोकं लाकडाशी सपाट बसलं.