कंपोझिट डेकवरची बुरशी काढण्याआधीची तयारी

कंपोझिट डेक म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या फळ्यांचा, घराबाहेरचा उघडा ओटा. तो धुवायचा तर बादली आणि ब्रश शेवटी. आधी डेकच्या एखाद्या फळीचं कापलेलं टोक शोधायचं. पायरीच्या कडेला किंवा कठड्याच्या खांबाजवळ ते बहुधा उघडं सापडतं. आतला गाभा भरड आणि त्याभोवती वेगळ्या पोताचं गुळगुळीत प्लास्टिक दिसलं, तर ती आवरणाची फळी. सगळं एकसारखंच दिसलं, तर बिनआवरणाची. जुने डेक बरेचसे असेच असतात. आवरण असेल तर ते तळालाही आहे का, तेही बघून ठेवायचं, कारण काही फळ्यांना ते फक्त वरून आणि दोन बाजूंनी असतं, खालची बाजू उघडीच राहते. पुढे काय वापरायचं आणि किती जोर लावायचा, हे सगळं या पाहणीवर ठरतं.

या फळ्या लाकडाचा भुसा पॉलिथिलीन किंवा तत्सम प्लास्टिकमध्ये मिसळून तयार होतात. प्लास्टिकवर बुरशीचं पोट भरत नाही, भुशावर भरतं. प्लास्टिकने नीट न वेढलेले तंतू ओल शोषतात आणि तिथे बुरशी शिरते. काही उत्पादक मिश्रणात झिंक बोरेट घालतात. त्याने फळी कुजायला अटकाव होतो, पण वरचे काळे ठिपके टळतातच असं नाही. आवरणाच्या फळीवरची बुरशी जगते ती साठलेल्या धुळीवर, परागकणांवर आणि कुजलेल्या पानांवर. ती वरवर बसलेली असते, म्हणून निघतेही सहज. बिनआवरणाच्या फळीत ती पृष्ठभागाच्या आत उतरलेली असू शकते. तिथे डाग फिका होईल आणि काही काळाने पुन्हा डोकं वर काढेल, हे मनाशी धरूनच कामाला लागावं; नाहीतर माणूस जोर वाढवत जातो आणि फळीचं कायमचं नुकसान करून बसतो.

डाग बुरशीचाच आहे ना, याची खात्री करायची. कोपऱ्यातल्या एका काळ्या डागावर घरगुती (क्लोरीनच्या) ब्लीचचा एक थेंब टाकून एक-दोन मिनिटं थांबायचं आणि लगेच धुऊन टाकायचं. रंग उडाला तर बहुधा बुरशी, तसाच राहिला तर मळ किंवा आणखी काही. नव्या डेकवर चहाच्या रंगाचे ओघळ दिसले तर घाबरायचं कारण नाही. लाकडातली रंगद्रव्यं पाण्याबरोबर बाहेर येतात आणि काही पावसांनंतर ओघळ ओसरतात. पानांचे तपकिरी ठसे टॅनिनचे, म्हणजे पानांतल्या तुरट द्रव्याचे असतात. त्यांना आणि गंजाच्या डागांना ऑक्झॅलिक ॲसिड असलेलं क्लीनर लागतं, बुरशीचं औषध त्यांच्यावर वाया जातं. अजून एक प्रकार फार छळतो. टाचणीच्या डोक्याएवढे, गोंदाने चिकटवल्यासारखे घट्ट काळे ठिपके. झाडांच्या बुंध्याशी अंथरलेल्या लाकडाच्या तुकड्यांत वाढणारी एक बुरशी आपले बीजाणूंचे गोळे उजेडाच्या दिशेने काही मीटरपर्यंत उडवते, ते हे. ते प्लास्टिकच्या पट्टीने एकेक करून काढावे लागतात, आणि डेकजवळचं ते आच्छादन हटवल्याशिवाय त्यांचं येणं थांबत नाही.

टॉर्च घेऊन डेकखाली एकदा बघायलाच हवं. वरच्या फळ्या कंपोझिट असल्या तरी खालच्या तुळया बहुधा लाकडाच्या असतात. संशय येईल तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबायचं. ते सहज आत रुतलं तर ती तुळई कुजली आहे, आणि मग वरचे ठिपके हा दुय्यम प्रश्न झाला. आधी सुताराला दाखवायचं, तोवर त्या भागावर कुणाला चालू द्यायचं नाही.

आता सामान. मऊ किंवा मध्यम नायलॉनच्या केसांचा लांब दांड्याचा ब्रश, फटींसाठी पातळ प्लास्टिकची पट्टी, दोन बादल्या, नळाला लावायचा पाइप, रबरी हातमोजे, गॉगल, एन-95 मास्क आणि न घसरणारे बूट. शेवाळ भिजलं की डेक फार निसरडा होतो, तेव्हा बुटांच्या बाबतीत हयगय नको. तारेचा ब्रश सामानातच नको. तो आवरणावर ओरखडे पाडतो आणि त्याचे तुटलेले तुकडे फटीत राहून गंजतात.

औषध म्हणून मी सोडियम परकार्बोनेटचीच शिफारस करेन. ऑक्सिजन ब्लीच नावाने मिळणारी ती पांढरी पावडर. पाण्यात विरघळली की तिच्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा तयार होतो. पहिला बुरशी मारतो, दुसरा चिकटा सोडवतो. प्रमाण पाकिटावरचं, पाणी कोमट आणि मिश्रण ताजं. उरलेलं झाकणबंद बाटलीत भरून ठेवायचं नाही, ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुटू शकते. क्लोरीन ब्लीच काम झटपट करतं खरं, पण फळीचा रंग उतरवतं, स्क्रू गंजवतं आणि झाडांना जाळतं. उत्पादकाने परवानगी दिली असेल तरच, आणि पातळ करूनच ते वापरावं. ब्लीचमध्ये व्हिनेगर, कुठलंही ॲसिड किंवा अमोनिया असलेलं क्लीनर चुकूनही मिसळायचं नाही. त्यातून विषारी वायू निघतो आणि उघड्यावर काम चाललंय म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. टॅनिनसाठी ऑक्झॅलिक ॲसिड वापरायचं असेल, तर ब्लीचचा अंश पूर्ण धुऊन, वेगळ्या दिवशी.

प्रेशर वॉशरचा मोह सगळ्यांनाच होतो. बिनआवरणाच्या फळीसाठी तो यादीतून काढून टाका. जोराचं पाणी प्लास्टिक खरवडून भुसा उघडा पाडतं, म्हणजे बुरशीचं ताट वाढून ठेवतं. आवरणाच्या फळीवर काही उत्पादक त्याला परवानगी देतात, पण दाबाची मर्यादा प्रत्येकाची वेगळी असते, म्हणून आपल्या फळीचं माहितीपत्रक शोधून तो आकडा आधी वाचायचा. पंख्यासारखा रुंद फवारा देणारं नोझल लावायचं आणि ते फळीपासून किमान 20-30 सेंटिमीटर लांब धरायचं.

दिवस निवडताना पाऊस नाही हे तर बघाच, पण सकाळी सावली आणि दुपारी ऊन असा दिवस मिळाला तर उत्तम. सकाळी औषध फळीवर वाळत नाही, दुपारी डेक खडखडीत सुकतो. आदल्या दिवशी खुर्च्या, कुंड्या, पायपुसणी सगळं बाजूला करून फटी पट्टीने साफ करायच्या. वाळलेली बुरशी घासली तर बीजाणू हवेत उडतात, म्हणून ती आधी भिजवायची आणि मास्क लावायचा. आजूबाजूची झाडं कामाआधी आणि नंतर भरपूर पाण्याने भिजवायची. मुलं आणि पाळीव प्राणी डेक सुकेपर्यंत लांब. मग एका कोपऱ्यात मिश्रणाची चाचणी घेऊन तो तुकडा पूर्ण वाळल्यावर रंग तपासायचा. ओल्या फळीचा रंग फसवतो.

प्रत्यक्ष धुणं यापुढे सोपं आहे. छोटा भाग ओला करायचा, मिश्रण ओतून 10 ते 15 मिनिटं मुरू द्यायचं, वाळायला लागलं तर वर आणखी शिंपडायचं, फळीच्या रेघांच्या दिशेने घासायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. मळकं पाणी फळीवरच सुकलं तर डागांचा पातळ थर परत बसतो, त्यामुळे शेवटच्या धुण्यात पाण्याची काटकसर नको.

बुरशी परत येऊ नये यासाठीची तयारी मात्र धुण्याच्या दिवशी संपत नाही. बीजाणू हवेत कायम असतात. आपल्या हातात दोनच गोष्टी आहेत, ओल आणि साठलेला कचरा. एखाद्या पावसानंतर दोन-तीन तासांनी डेकवर जाऊन अजून ओल्या असलेल्या फळ्यांचे फोटो काढा. (खडूने खुणा करू नका, रंगीत खडूचा डाग कंपोझिटवर कायमचा बसू शकतो.) ओल्या जागांवर काय आहे ते शोधायचं: गळकी पन्हळ, झाडांना पाणी देणारा फवारा, ऊन अडवणारी फांदी, कचऱ्याने बुजलेली फट, डेकच्या खालची बाजू पूर्ण बंद करणारी जाळी किंवा पत्रा. कुंड्या उंच स्टँडवर ठेवा आणि रबरी पाठीची पायपुसणी घरात न्या. फट अरुंद वाटली तरी सिलिकॉनने बुजवायची नाही. उन्हात फळ्या प्रसरण पावतात आणि हवाही त्याच फटींतून खेळते. पानगळीत झाडू आठवड्यातून एकदा, आणि संपूर्ण धुणं वर्षातून दोनदा. सीलर, म्हणजे ओल रोखणारा लेप, आवरणाच्या फळीवर चढतच नाही, थोड्या दिवसांत पापुद्रे निघतात. बिनआवरणाच्या फळीवर लावायचाच असेल तर कंपोझिटसाठीचा आणि बुरशीरोधक हवा, आणि तोही डेक पूर्ण सुकल्यावर व हमीपत्रातल्या अटी वाचूनच.