ग्रहांचं चुंबकत्व मोजायचंय? आधी बरणी आणा

ग्रहांच्या मॅग्नेटिक फील्डमध्ये करिअर करायचंय म्हटलं की सगळे एंट्रन्सची यादी देतात. ती लागतेच, बीएससी फिजिक्स, जॅम देऊन एमएससी, मग नेट किंवा गेट आणि पीएचडी, आपल्याकडे पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहेच. पण या फील्डमध्ये इन्स्ट्रुमेंट बनवता येणाऱ्याला जास्त भाव असतो असं माझं मत, म्हणून आधी घरी एक मॅग्नेटोमीटर, म्हणजे मॅग्नेटिक फील्ड मोजायचं यंत्र, करा.

काचेची बरणी घ्या, झाकण प्लास्टिकचंच (पत्र्याचं घेतलंत तर पहिल्याच पायरीला फसलात). झाकणातून पीळ नसलेला बारीक धागा सोडा, त्याला छोटा बार मॅग्नेट आडवा टांगा, मॅग्नेटवर आरशाचा तुकडा चिकटवा. आता लेझर पॉइंटर फिक्स करून आरशावर मारा आणि ठिपका 3 मीटरवरच्या भिंतीवर पाडा, डोळे सांभाळा. आरशामुळे कोन दुप्पट होतो, त्यामुळे मॅग्नेट 1 अंश फिरला की ठिपका जवळपास 10 सेंमी सरकतो. दर अर्ध्या तासाला पेन्सिलने खूण करा, पृथ्वीचं फील्ड दिवसभरात थोडं बदलतं, त्यामुळे काही मिलिमीटरचा फरक दिसायला हवा.

दिसणार नाही! शेजारचा बाइक काढेल, कोणीतरी लोखंडी कपाट उघडेल आणि ठिपका भलतीकडेच जाईल. वैतागू नका, खरं काम हेच आहे. कुलाब्याच्या वेधशाळेला हाच त्रास होणार होता, मुंबईत ट्राम विजेवर चालणार म्हटल्यावर 1904 मध्ये चुंबकीय मोजमापं अलिबागला हलवली. यान तर अलिबागला नेता येत नाही, मग सेन्सरच यानापासून लांब दांड्यावर ठेवतात. शनीकडे गेलेल्या कॅसिनी यानाचा दांडा 11 मीटरचा. आदित्य एल1 चा 6 मीटरचा, त्यावर दोन सेन्सर, एक मधे आणि एक टोकाला: यानाचं स्वतःचं फील्ड जवळच्याला जास्त दिसतं आणि बाहेरचं दोघांना सारखंच, त्यावरून यानाचा वाटा वजा करता येतो. एवढी काळजी घेतली म्हणूनच 2005 मध्ये शनीच्या एन्सेलाडस या चंद्राजवळ फील्ड किंचित वाकलेलं कॅसिनीचा मॅग्नेटोमीटर सांभाळणाऱ्या मिशेल डोहर्टींच्या टीमला कळलं, आणि त्यांनी हट्ट धरून पुढची फेरी 173 किमीवरून करायला लावली. तिथे दक्षिण ध्रुवावरून पाण्याची वाफ उडत होती, फील्ड वाकलं होतं ते तिच्यामुळेच.

बरणी जमली की फ्लक्सगेट, म्हणजे विजेवर चालणारा मॅग्नेटोमीटर, करा, फेराइट रिंगवर तार गुंडाळून. आणि वहीत रीडिंगशेजारी बाइक कधी आली गेली तेही लिहा.