कुत्र्याचा रिपोर्ट यायचाय? तोवर वही धरा

आमचा मोती दहा महिन्यांचा. चवथीच्या तोंडावर खाणं सोडलं, ताप भरला. डॉक्टरांना गोचीडतापाची शंका आली, रक्त म्हापशाहून पुढे तपासायला गेलं, आणि मध्ये सुट्ट्या. त्या चार दिवसांत दर अर्ध्या तासाने त्याला उठवून बघायचो. त्याला झोप नाही, आम्हालाही नाही. मग बायकोने पडवीत एक वही टांगली.

१. दिवसातून दोनदाच, सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी नोंद करा. मध्ये त्याला निवांत पडू द्या.

२. तो गाढ झोपलेला असताना ३० सेकंद छातीची हालचाल मोजा (एकदा वर-खाली म्हणजे एक श्वास), दुप्पट करा. झोपेत मिनिटाला ३० पर्यंत ठीक.

३. ओठ उचलून हिरड्या बघा. गुलाबी हव्यात. रोज एकाच खिडकीपाशी फोटो काढा, नाहीतर उजेडामुळे रंग फसवतो.

४. किती खाल्लं, पाणी, शी-शू. एका ओळीत.

५. रात्री मनात येणारा प्रश्न मागच्या पानावर लिहा. इंटरनेटवर शोधू नका. मी शोधलं आणि पहाटेपर्यंत जागा राहिलो. ते पान डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी सगळ्यांची उत्तरं दिली.

सावधान: ताप दिसला म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, कुत्र्याला ती विषारी ठरू शकते. हिरड्या पांढुरक्या दिसल्या, लघवी लालसर-तपकिरी झाली किंवा झोपेतला श्वास ३० च्या वरच राहिला, तर रिपोर्टची वाट न बघता लगेच डॉक्टरांना गाठा.