जवसाची चटणी करा, पण जवस अख्खा खाऊ नका

पोट साफ होत नाही म्हणून बरेच जण जवस अख्खाच गिळतात, तो बराचसा तसाच बाहेर पडतो अन् फायदा कमीच होतो.

१. नागपूरच्या इतवारी बाजारातून पावभर जवस आणा, कोरड्या कढईत मंद आचेवर भाजा, तडतडून उडतो म्हणून झाकण अर्धवट ठेवा.
२. पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरला लावा अन् थांबत थांबत फिरवा, सलग फिरवलं की तेल सुटून गोळा होतो. लसूण, जिरं, तिखट, मीठ सोबतच घाला.
३. आठवडाभराचीच करा, फ्रिजात ठेवा, नाहीतर खवट वास येतो.

ज्वारीच्या भाकरीसोबत रोज एक चमचा भारी लागते! मात्र पाणी भरपूर प्या, कमी पडलं तर उलट शौचाला जास्त घट्ट होतं, नागपूरच्या उन्हाळ्यात तर जपाच.