बायकामुलांना घेऊन परदेशी जायचंय? आधी ग्रामपंचायतीत जा

बाहेरची नोकरी पक्की झाली की लोक पहिलं तिकिटाचे भाव बघतात, मग एजंट गाठतात. मी सांगेन आधी गावच्या ग्रामपंचायतीत जाऊन या. एकट्याने जायचं असेल तर ठीक आहे, कंपनी बरंचसं बघते, पण बायको-पोरं घेऊन जायचं म्हंजे प्रत्येकाचा कागद वेगळा आणि ते सगळे कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत.

आणि आपल्याकडे जुळत नाहीत ते नावांमुळे. दाखल्यावर माहेरचं नाव, लग्नात ताटात तांदूळ पसरून ठेवलेलं दुसरंच नाव, आधारवर सासरचं आडनाव पण मधलं नाव अजून वडिलांचंच, आणि मुलाच्या जन्मदाखल्यात आईचं नाव म्हणून घरात हाक मारतात ते. आपल्याला यात काहीच वाटत नाही पण व्हिसा अधिकाऱ्याला त्या चार वेगळ्या बायका दिसतात. पासपोर्टसाठी बाईने नाव बदललंच पाहिजे असा काही नियम नाहीये, माहेरचं नाव ठेवलं तरी चालतं, म्हणून ज्या नावाने शिक्षण झालंय तेच पुढे चालवणं मला तरी सगळ्यात सोपं वाटतं. बदललंच असेल तर राजपत्रात छापून घ्या आणि मग आधार, पॅन, पासपोर्ट सगळीकडे एकच स्पेलिंग करा, एका अक्षराचाही फरक नको.

लग्नाची नोंद बऱ्याच जणांनी केलेलीच नसते, पत्रिका आणि फोटो आहेत की म्हणतात. तो पुरावा बाहेर चालत नाही, ग्रामसेवकाकडून विवाह नोंदणीचा दाखला घ्या. मुलांचे जन्मदाखले पण उघडून बघा, जुन्या दाखल्यात बाळाच्या नावाची जागा कोरीच असते, ती भरून नवीन प्रत काढा. फक्त मराठीत हाताने लिहिलेला असेल तर इंग्रजीसकट छापील मागा.

हे झालं की अपोस्टिल, म्हंजे आपला कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून लावतात तो सरकारी शिक्का. भारत २००५ पासून अपोस्टिल मानणाऱ्या देशांच्या करारात आहे, त्यामुळे यूके, ऑस्ट्रेलियाला परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल पुरतं, पण यूएई, कुवेत, कतार त्या करारात नाहीत, तिथे मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर त्या देशाच्या वकिलातीचाही शिक्का लागतो. खेड, मंडणगड, राजापूरकडचे कितीतरी जण गल्फमध्ये आहेत, गावात कुणाला विचारलंत तरी सांगतील. त्यात जो दहावी पास नाही त्याचा पासपोर्ट बहुतेक ईसीआरवाला असतो, म्हंजे नोकरीसाठी गल्फला जाताना इमिग्रेशन क्लिअरन्स लागतो, "टुरिस्ट व्हिसावर चल, तिकडे बघू" म्हणणाऱ्या एजंटला दारातूनच परत पाठवा.

दुबईत फॅमिली न्यायची तर पगार ४००० दिरहॅम हवा, किंवा ३००० आणि कंपनीची राहण्याची सोय. व्हिसा तुमच्या नोकरीवर असतो, नोकरी गेली की बायको-मुलांचापण जातो, शाळेच्या फीचा विचार करताना हे डोक्यात ठेवा. यूकेचं चित्र तर पार बदललंय, जानेवारी २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना आणि ११ मार्च २०२४ पासून नव्या केअर वर्करना कुटुंब नेता येत नाही, जुने व्हिडिओ बघून पैसे भरू नका. मुलं मोठी असतील तर वय बघा, अमेरिकेत २१ आणि कॅनडात २२ पूर्ण झाली की मूल तुमच्या अर्जात अवलंबून धरलं जात नाही.

बाळ तिकडे झालं तर? गल्फमध्ये जन्मलं म्हणून तिथलं नागरिक होत नाही, ते भारतीयच, पण त्यासाठी एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात जन्म नोंदवायचा. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी, मग बसा फेऱ्या मारत. अमेरिकेत जन्मलं आणि तिथला पासपोर्ट काढलात तर मात्र भारतीय पासपोर्ट मिळत नाही.

पीआर, म्हंजे तिकडे कायम राहण्याची परवानगी, आणि नागरिकत्व यातला फरक घरातल्या मोठ्यांनाही समजावून सांगा. पीआर मिळाला तरी तुम्ही भारतीयच, पासपोर्ट आपलाच, यादीत नाव नोंदवलंत तर गावी येऊन मतदानही करता येतं. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप जातं, आपल्याकडे दोन्ही ठेवता येत नाहीत, तो देश चालवून घेत असला तरी. मग पासपोर्ट सरेंडर करायचा आणि ओसीआय कार्ड काढायचं, ते परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांसाठी असतं, त्यावर हवं तेव्हा येता येतं पण मत नाही.

आता गावच्या बागेचं, कारण मला फोन करणारे शेवटी सगळे तिथेच येतात. ओसीआय घेतलं की कलमांची बाग सरकार काढून घेतं असं पसरलंय, ते खोटं. आधीची तुमच्या नावावरची जमीन तुमचीच राहते, वारसाहक्काने आलेलीही घेता येते. नवीन शेतजमीन, बागायत, फार्महाऊस मात्र विकत घेता येत नाही, आणि ही बंदी ओसीआयइतकीच भारतीय पासपोर्टवर बाहेर राहणाऱ्यालाही आहे, हे कुणी सांगतच नाही. बक्षीसपत्रानेही नाही. म्हणून बाबांना बाग तुमच्या नावावर करायची असेल तर तुम्ही इथे असतानाच करा, नाहीतर मृत्युपत्र करू द्या. पुढे विकायची झाली तरी भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. सामाईक सातबारा असेल, आजोबांच्या नावापुढे अजून वारस चढलेले नसतील, तर जायच्या आधी तलाठ्याकडे वारस नोंद करून फेरफार बघून घ्या, तिकडून हे काम करणं म्हंजे वैताग.

भावाला किंवा काकांना मुखत्यारपत्र द्यायचं राहिलंच असेल तर तिकडच्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून पाठवा, आणि ते इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरायचा असतो, तेव्हा कुरियरचं पाकीट घेणाऱ्याला तेवढं आधीच फोन करून सांगा.